दारचा कडुनिंब

१२ मार्च, गुरुवार

पालिकेचे लोक कडुनिंबावर लाल रंगानं १७ लिहून गेले. शेजारच्या मनकर्णाच्या दारच्या बदामावर १८. लेआउटमध्ये नाली येणार, ती याच दोन झाडांतून जाते म्हणे. कॉलनीचे अध्यक्ष जानराव म्हणाले, "वैनी, पावसाळ्यात तुमच्याच घरात पानी घुसते. झाडाचं काय, दुसरं लावू."

खरं आहे. घुसतंच पाणी.

झाड यांनी लावलेलं, घर बांधलं त्या वर्षी. हे कार्तिकात गेले. तेव्हाही मला रडू आलं नाही. आज नंबर पाहिला, आत आली, कुकर लावला.

१४ मार्च, शनिवार

उद्यान विभागाचा कुंदन आला होता. "काकू, लेखी हरकत द्या. नालीले दोन हात सरकवता येते, पन कोनी म्हनलं तर!"

दिली लिहून. मॅट्रिकच्या पेपरानंतर परक्यानं वाचावं असं काही पहिल्यांदाच लिहिलं.

१९ मार्च, गुरुवार — पाडवा

यंदा घरात सण नाही. गुढी नाही. लोक डहाळ्या न्यायला आले, नेल्या. दरवर्षी हे शिडीवर चढून काढून देत. मी दोन पानं चावली. कडू लागली नाहीत. काहीच लागली नाहीत.

कुंदनचा फोन — हरकत मानली नाही. सोमवारी तोडणार.

२१ मार्च, शनिवार

उजाडायच्या आत उठली. देवापुढे दिवा लावला आणि मग करू नये ते केलं.

मिक्सर आल्यापासून वरवंटा पडूनच होता. बुंध्याशी उभा रोवला. शेंदूर-तेल फासलं. रुईच्या पानांची माळ घातली. हात जोडले नाहीत. ज्यानं इतकी वर्षं चटणी वाटली त्याला हात कसे जोडायचे?

मारुतीराया, रागावशील तर माझ्यावर रागाव. झाडावर नको.

शेंदराचा खर्च हिशेबाच्या वहीत देवाच्या रकान्यात लिहू की घरच्या? रिकामा सोडला.

२३ मार्च, सोमवार

मजूर आले. मशीन सुरू केली, बंद केली. मुकादम खालीच बसला. "देव आहे बा इथं. मी नाही हात लावत."

ठेकेदार ओरडला, "अबे, परवा नव्हता!"

"तं आता आहे ना!"

दुपारपर्यंत तेच. शेवटी नाली दोन हात सरकवली. हरकतीत मी दोनच हात लिहिले होते!

बदामाकडचं काम ६ तारखेला म्हणे. तिकडे लाइन तीच.

२७ मार्च, शुक्रवार

जानराव वर्गणी गोळा करून राहिले. ओटा बांधायचा, टाइल्स लावायच्या, हनुमान जयंतीला पूजा. मला म्हणाले, "स्वयंभू आहे, वैनी! महादेवभाऊच्या दारात निंगाला, त्यायचीच पुण्याई!"

यांचं नाव ऐकलं. पातेलं घासत होती, घासत राहिली.

संध्याकाळी लाइट गेली. मनकर्णा आली. "मैना, वरवंटा दे वं, चटनी राहिली."

"फुटला."

"वरवंटा फुटला?"

बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. मग झाडाकडे. मग गेली.

२९ मार्च, रविवार

सिमेंट पडलं. पार बुंध्याला टेकवून. कुंदन जाता जाता थांबला, जानरावांना म्हणाला, "भाऊ, असं करू नका. पानी मुरत नाही, मुळं गुदमरते. दोन-तीन वर्सात वाळते झाड. बुंध्याभोवती माती मोकळी ठेवा."

"मंग देवाले चिखलात बसवू का?"

कुंदननं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर उद्याच मशीन लागेल. नाही सांगितलं तर हळूहळू मरेल. मारणारी मीच.

३० मार्च, सोमवार

जेवली नाही. भूकच नव्हती, त्याला उपास म्हणता येत नाही.

३१ मार्च, मंगळवार

जानरावांकडे गेली. म्हटलं, पहाटे दृष्टांत झाला. मारुती म्हणाला, माझा श्वास कोंडते, माती मोकळी करा.

एक खोटं झाकायला दुसरं. तेही देवाच्या नावानं! पण चेहरा हलला नाही. रडू येत नाही त्याचा हा एक उपयोग.

जानरावांनी कान पकडले. गवंड्याला लगेच फोडायला लावलं. वर मला — "पयलेच सांगाले पाह्यजे होतं ना, वैनी. टाइल्स वाया गेल्या!"

२ एप्रिल, गुरुवार — हनुमान जयंती

सगळा लेआउट दारात. बुंध्याभोवती चांगली दोन हात काळी माती. मी तिथं बादलीभर पाणी घातलं, हे घालत तसं. लोकांना वाटलं अभिषेक.

आरतीत हात जोडले गेले. कोणाला, ते माहीत नाही.

६ एप्रिल, सोमवार

आज बदाम तोडायचा होता. सकाळी पाहते तर मजूर लांब उभे आणि जानराव चपला काढून. बुंध्याशी शेंदूर फासलेला बुटका दगड!

मनकर्णाच्या घरात गेली. ओट्यावर खल होता. बत्ता नव्हता. तिची बोटं लाल.

"कोनता देव आहे वं?" मी विचारलं.

"आजून ठरला नाही," ती म्हणाली. "दृष्टांत तुलेच होते ना? तूच सांग."

हसू आलं. इतकं, की ओटा धरावा लागला.