अननसाची बरणी

१२ एप्रिल, रविवार

सकाळी मनूचा फोन, वारणानगरहून. सोळावा वाढदिवस कोल्हापुरात करायचाय, आपल्या गच्चीवर, २६ तारखेला. "आत्या, आई पण येणार. म्हणजे येते असं म्हणाली नाही. पण नाही असंही म्हणाली नाही."

सतीश कुंड्यांना पाणी घालत होता. त्याला सांगितलं, तुझी लेक येतेय, बायकोही येईल बहुतेक. "बरं," म्हणाला आणि त्याच कुंडीत दुसऱ्यांदा पाणी घातलं. खालून वाहायला लागलं तरी घालतोच आहे.

वैशाली मनूला घेऊन माहेरी गेली त्याला दोन वर्षं झाली. मनूच्या चौदाव्या वाढदिवसाला सतीशनं ऑरेंजच्या बाटलीत दारू मिसळून फ्रीजमध्ये ठेवली होती, स्वतःसाठी. मनूच्या मैत्रिणीनं तीच बाटली तोंडाला लावली. एकच घोट, तोही थुंकला तिनं. पण त्या आठवड्यात वैशालीनं बॅग भरली. बायको म्हणून तिनं दुसरं काय करायचं होतं?

ती बाटली सकाळी मीही पाहिली होती. झाकण उघडं दिसत होतं. शंका आली, पण हुंगली नाही. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सतीशनं दारू सोडली त्याला दहा महिने झाले. माझा भावावर विश्वास आहे असं मी सगळ्यांना सांगते. आहे का?

१५ एप्रिल, बुधवार

वैशालीची अट आली, मनूमार्फत. रंगीत बाटलीतलं काही नको. जे प्यायचं ते काचेच्या भांड्यात, सगळ्यांसमोर करायचं. रास्त आहे.

मनूनं मोबाइलवर फ्रूट पंचची कृती पाठवली. अननस, संत्र्याचा रस, लिंबू, साखरेचा पाक, पुदिना, वरून सोडा. "एकदम सोप्पं आत्या, पाच मिनिटांचं!" पाच मिनिटांत मला माझा चष्मा सापडत नाही.

संध्याकाळी करून पाहिलं. आधी सोडा, मग रस, मग डावानं छान ढवळलं. मिळमिळीत सरबत झालं. सतीश दारातून बघत होता.

"आक्का, सोडा शेवटी. कडेनं सोडायचा आणि हलवायचा न्हाय. गॅस जातोय सगळा."

हे त्याला कुठून माहीत, ते दोघांनाही माहीत. दुसरा ग्लास त्याच्या सांगण्याप्रमाणे केला. फसफसून काठापर्यंत आला, नाकाला तुषार लागले. चांगला झाला. शाबासकी द्यावी की नाही कळेना, म्हणून दिली नाही. द्यायला हवी होती.

१९ एप्रिल, रविवार

मंडईतून अननस, संत्री, लिंबं. येताना जिन्यात शेजारच्या शिंदेकाकू. पिशवी उघडून बघितल्याशिवाय त्या कुणाला वर सोडत नाहीत. वाढदिवसाला त्यांना बोलावलंच आहे, म्हणून बेत सांगितला.

"दूध न्हाय, आइस्क्रीम न्हाय, वर काजू न्हाय, आणि म्हनं कोल्ड्रिंक! कोल्हापुरात पावण्यास्नी असलं देतीस व्हय?"

म्हटलं, काकू, हे आपल्या कोल्हापुरी दूध-आइस्क्रीमच्या कोल्ड्रिंकहून वेगळं असतं.

"वेगळं म्हंजे पातळच की!"

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतल्या सुनंदाबाईंनी काल काकवीची बाटली दिली, गडमुडशिंगीच्या त्यांच्या घरच्या गुऱ्हाळातली, यंदाची शेवटची. साखरेच्या पाकाऐवजी हीच घालायची. विकतच्या कशात काय असेल सांगता येत नाही. घरचं ते घरचं.

२२ एप्रिल, बुधवार

शनिवारी कॉलेजात पुस्तकांची मोजणी आहे, दिवस जाणार. म्हणून आजच तयारी. दोन अननस बारीक चिरले. काकवी, पाणी, आल्याचा तुकडा. सगळं आईच्या चिनी मातीच्या बरणीत. बरणी फ्रीजमध्ये मावेना. फडकं बांधून ओट्याखाली, माठाशेजारी ठेवली. गार जागा आहे.

कृतीत मुरवायचं कुठं लिहिलेलं नाही. पण आपल्याकडं कुठला पदार्थ मुरून वाईट झालाय? चार दिवसांत चव उतरेल. रविवारी वरून फक्त रस, बर्फ आणि सोडा.

सतीशनं गच्ची धुतली. दोनदा.

२४ एप्रिल, शुक्रवार

लिहू की नको असं झालंय.

कॉलेजातून आले. सतीश स्वयंपाकघरात माठातलं पाणी पीत उभा होता. आत पाऊल टाकलं आणि वास आला. आंबूस, गोडसर. तोच. दहा महिन्यांत विसरले असेन असं वाटलं होतं. नाक विसरत नाही.

"कुठं गेलतास?" मी विचारलं.

"मीटिंगला. शुक्रवार न्हाय का आज?" दर शुक्रवारी दारू सोडलेल्या लोकांची मीटिंग असते, तिला जातो. डोळ्यांत बघून बोलला. मला ते जास्तच सरळ वाटलं.

तो अंघोळीला गेल्यावर त्याच्या स्कूटरची किल्ली घेऊन खाली गेले. डिकी उघडली. रेनकोट, फडकं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. उलगडलं. गच्चीवर लावायच्या कागदी पताका होत्या. रेनकोटचे खिसेही तपासले. शेहेचाळीस वर्षांची बाई, जिन्याखाली उभी राहून भावाच्या रेनकोटचे खिसे उलटे करते आहे.

काही सापडलं नाही. तरी वर आल्यावर वास होताच. वैशालीला फोन लावला. येऊ नका, एवढंच सांगणार होते. उचलला नाही. पुन्हा लावण्याचं धैर्य झालं नाही.

हुंगायला हवं होतं तेव्हा हुंगलं नाही. आता...

२५ एप्रिल, शनिवार

सकाळी सहाला सतीशची हाक. "आक्का, जरा हिकडं ये."

तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा. आत पाय टाकला नव्हता. "तुझ्या बरणीचं फडकं काढून बघ."

काढलं. वर बोटभर फेस. अननसाचे तुकडे तरंगत होते आणि खालून बुडबुडे येतच होते. वास तोंडावर आला. कालचाच.

"आंबलंय ते. सोडा न घालताच फसफसालंय," तो म्हणाला. "काल पाणी प्यायला आलो तवाच जाणवलं. म्हटलं, आपल्यालाच भास व्हायलाय. रातभर त्योच इचार."

म्हणजे आम्ही दोघंही त्या एकाच माणसावर संशय घेत होतो.

बी.एस्सी. बॉटनी मी. यीस्टवर उत्तर लिहून पास झालेली. काकवी, अननस, एप्रिलचा उकाडा, तीन दिवस. आणि हे मी उद्या मनूच्या मैत्रिणींच्या ग्लासात ओतणार होते, वैशालीसमोर, घरचं म्हणून.

"तूच ओत," सतीश म्हणाला. "मी हात लावत न्हाय." दाराची चौकट धरून उभा होता.

बरणी उचलून मागच्या गटारीपाशी नेली. शिंदेकाकू खिडकीत हजर. "काय वतालीस गं एवढं?"

"माझी अक्कल, काकू."

"मग बादलीभर पाणी बी वत मागनं!"

वर आले तर सतीश चहा करत होता. पाठमोराच म्हणाला, "रेनकोट उलटा घडी केलाईस."

मी माफ कर म्हणाले. त्यानं कप पुढं केला. "उघड की. रोज उघड. पण मला विचारून उघड."

साडेनऊला वैशालीचा फोन. "वन्सं, काल फोन केलेला?"

सतीश समोर. सहज केला होता, असं म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण बाटली पाहून गप्प बसणारी मी पुन्हा तीच झाले असते. सगळं सांगितलं. वास, माझा संशय, डिकी, बरणी. त्या ऑरेंजच्या बाटलीचंही सांगितलं, की मी पाहिली होती.

"बघते," एवढंच म्हणाली. फोन ठेवला.

बघते म्हणजे काय?

"खरं सांगितलंस ते बरं केलंस," सतीश म्हणाला. पण चहा तसाच टाकून अननस आणायला गेला. मी बरणी घासून गच्चीवर उन्हात पालथी घातली. मोजणीला उशिरा पोचले, दोनदा चुकले.

२६ एप्रिल, रविवार

चार वाजेपर्यंत मैत्रिणी आल्या, शिंदेकाकू आल्या, मनूचा पत्ता नाही. फोन लागेना. सतीश पताका सरळ करत राहिला. सरळच होत्या.

सव्वाचारला जिन्यात मनूचा आवाज. मागे वैशाली. बारीक झाली आहे. सरळ स्वयंपाकघरात गेली. माठाशेजारी वाकून पाहिलं. मग गच्चीवर येऊन बरणी उचलली, आत नाक घातलं. परत पालथी ठेवली. सतीश बघत होता. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

टेबल मधोमध. काचेचं मोठं भांडं. अननस सगळ्यांसमोर चिरला. संत्र्याचा रस मनूनं काढला, लिंबू मी पिळलं, बाटलीतली जराशी काकवी, पुदिना, बर्फ. सोडा सतीशनं फोडला. भांडं किंचित तिरकं धरून कडेनं सोडला, धार बारीक. धार तुटली नाही. भांडंभर बुडबुडे वर आले आणि मुली ओरडल्या.

पहिला ग्लास त्यानं वैशालीपुढं धरला. तिनं घेतला. प्यायच्या आधी हुंगला, सगळ्यांसमोर, लपवलं नाही. मनू ओठ चावत उभी. सतीश नापास झालेल्या विद्यार्थ्यासारखा, हात मागे.

वैशालीनं एक घोट घेतला. मग दुसरा.

"सोडा कमी पडलाय," ती म्हणाली.

सतीशनं दुसरी बाटली फोडली. घाईत अर्धी त्याच्याच शर्टावर. मनू हसली, मग वैशालीही, तोंडाला पदर लावून.

शिंदेकाकूंनी घरून आइस्क्रीमचा डबा आणला होता. आपल्या ग्लासात मोठा गोळा सोडला. लिंबानं सगळं फाटलं, वर गुठळ्या. आम्ही नको म्हणत होतो. "फाटलं तर फाटलं! थंड हाय न्हवं?" पूर्ण संपवला. आणखी मागितला, पुन्हा आइस्क्रीम घालून.

सहाच्या एसटीनं दोघी गेल्या. मनूला दोन दिवस राहायचं होतं. वैशाली नको म्हणाली. आग्रह केला नाही. थोडं वाईट वाटलं, पण नाहीच केला.

निघताना जिन्यात वैशाली माझ्याजवळ थांबली. बाटलीबद्दल काही बोलेल असं वाटलं. नाही बोलली. म्हणाली, "बरणी चांगली हाय तुमची. पाडाला लागायच्या आत कैऱ्या घेऊन येते कधीतरी. लोणचं हितंच घालू. काय मुरवायचं आन काय न्हाय, ते मी सांगते तुम्हाला, वन्सं."

कधी, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

३ मे, रविवार

आठवडा झाला, वैशालीचा फोन नाही. मनूनं फोटो पाठवलेत. एकात सतीश ओल्या शर्टानं उभा आहे आणि वैशाली दुसरीकडं बघते आहे. दुसऱ्यात बघते आहे त्याच्याकडं, पण तो हललाय. नीट आला नाही फोटो.

आज सकाळी कारण नसताना स्वयंपाकघरात उभी राहून हुंगलं. कसलाच वास नव्हता. तरी हुंगलं. ही खोड जायला किती दिवस लागतील?

सतीश बाहेरून आला तेव्हा विचारलं, "डिकी बघू?"

वाटलं, चिडेल. त्यानं किल्ली हातावर ठेवली आणि कुंड्यांकडं गेला.

उघडली. रेनकोट, त्याच्या घडीचा. फडकं. आणि कागदाच्या पिशवीत एक कैरी, देठासकट.

"मंडईत दिसली," वरून त्याचा आवाज. "कशी हाय?"

नखानं टोचून पाहिली. कोय अजून धरली नव्हती.

"लोणच्याला कोवळी आहे. अजून तीन आठवडे तरी."

"व्हय, मला बी तसंच वाटलं," तो म्हणाला.

बरणी आत घेतली नाही. गच्चीवरच ठेवली आहे, उन्हात.