पाठीवरचे सहा फोड

ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, दोन्ही वेळ पोटभर जेवतो. तुझी कंबर अजून दुखते का गं?

तू दिलेला बोन मॅरो माझ्या हाडांत छान रुजलाय. रक्तगटसुद्धा आता तुझाच! पण माझ्या जुन्या पेशी गेल्या, आणि लहानपणी कुठल्या आजारांशी झुंजल्या होत्या ती त्यांची आठवणही गेली. म्हणून चाळिशी उलटल्यावर पुन्हा सगळ्या लसी. काल तान्ह्या बाळांच्या रांगेत बसलो होतो. माझी पांढरी दाढी बघून नर्स म्हणाली, "आजोबा, नातू कुठाय?"

मग तिने विचारलं, "लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

ताई, तुला झाल्या तेव्हा मला लागू नयेत म्हणून तू मागच्या खोलीत एकटी निजायचीस. तुझी परीक्षा बुडाली, मग शाळाच सुटली. आई मात्र कौतुकाने सांगायची, "माझ्या लेकाला काही बाधत नाही."

बाधणार कसं? पंधरा दिवस आधीच मला होऊन गेल्या होत्या. पाठीवर सहाच फोड होते. क्रिकेटचा सामना चुकेल म्हणून मी कुणासमोर शर्ट काढला नाही, आणि रोज तुझ्याच पांघरुणात शिरून झोपलो.

नर्सला "हो" म्हणालो. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

तुझ्याच रक्तावर जगणारा,
धाकटा