चार अधिक पाच

शनिवार, ८ जून १९७४, सकाळी ७
आजपासून रोज लिहिणार. चिन्नीचा डावा डोळा नाकाकडं वळतो. पोर सहा वर्षांची. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, आत्ताच ऑपरेशन करा, उशीर केलात तर तो डोळा बघायचंच विसरेल. बायकोनं, कमलम्मानं, सतरा तारीख घेऊनही टाकली. बायकांना घाई. मी मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजीचा डेमॉन्स्ट्रेटर. डोळा वळवणाऱ्या स्नायूचे धागे मिळून किती जोर लावतात, ते आठ दिवसांत मोजतो. मग सर्जननं त्या हिशेबानं कापावं. माझ्या पोरीवर अंदाजपंचे कारभार नको.

सोमवार, १० जून
अटेंडंट इसूफनं मटण मार्केटातून बकऱ्याचा डोळा आणला, कोमट सलाइनमध्ये. नसेच्या एका फांदीला करंट दिला, ओढ चार ग्रॅम. दुसरीला दिला, पाच. दोन्हींना एकदम दिला की नऊ येणार. तेवढ्यात लाइट गेली, मोजायचं राहिलं. तरी नऊच.

मंगळवार, ११ जून
दोन्हींना एकदम करंट दिला. साडेसहा आले. यंत्र बिघडलंय.

शुक्रवार, १४ जून
स्प्रिंग बदलली. साडेसहा. म्हणजे चूक इसूफची. तो म्हणतो, साब, सगळे धागे टोकापर्यंत जातच नाहीत की, मधेच संपतात, एकमेकांना चिकटून ऱ्हातात, एकानं ओढलं की शेजारचा ढिला पडतो. घरी खाटकाचा धंदा, शिक्षण सातवी. माझे वडील मागावर चादरी विणायचे. धागा मला शिकवतो!

मंगळवार, १८ जून
कमलम्मानं विचारलं, दवाखान्यात कधी जायचं? म्हटलं, सोमवारी नक्की. म्हणाली, तो सोमवार काल झाला. मला काही वाटलं नाही.

शुक्रवार, २१ जून
डोळ्याचा व्यायाम सुरू केला. चिन्नीला म्हटलं, माझ्याकडं बघ. म्हणाली, बघतेय की. खरं की खोटं, कळेना. उद्यापासून रोज पंधरा मिनिटं.

गुरुवार, २७ जून
व्यायाम राहिला. सासूबाई बसम्मा आल्या आणि मायलेकींना घेऊन गेल्या. अक्कलकोटला माहेरी असणार. घर शांत आहे. आता काम सपाट्यानं होईल. दुपारी झोपलो.

मंगळवार, २ जुलै
अठरा वेळा मोजलं. अठराही वेळा साडेसहा. रिसर्च पेपरमध्ये नऊ लिहिले.

शनिवार, ६ जुलै
मायलेकी परतल्या. अक्कलकोटला गेल्याच नव्हत्या. ऑपरेशन झालं, पट्टीही निघाली. आठ दिवस इथं, आपल्याच गावात, दवाखान्यात होत्या. मला का सांगितलं नाही, विचारलं. कमलम्मा म्हणाली, तुमचं मोजून व्हायचं होतं. सर्जननं माझा आकडा मागितला का, तेही विचारलं. ती भाकरी थापत राहिली.

रविवार, ७ जुलै
इसूफला उद्या म्हणायचंय, तुझं बरोबर असेल. जमलं तर.
सकाळी चिन्नी समोर येऊन बसली. डोळा अजून लाल आहे, पण सरळ. दोन्ही डोळे माझ्यावर. लाज वाटली. मी खिडकीबाहेर बघू लागलो.
ती म्हणाली, अप्पा, माझ्याकडं बघा की.
म्हटलं, बघतोय.