आबांनी राखलेली हराळी

पुणे,
मंगळवार

प्रिय अक्का,

परवा फोनवर तू विचारलंस, अज्या, रजा मिळाली का रं. मी नाही म्हणालो. खोटं बोललो. रजा गेल्या सोमवारीच मिळालीय. पिशवी भरून कॉटखाली ठेवलीय आणि रोज सकाळी बीडची गाडी माझ्याविना जातेय. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तू मला सांगितलंस, दिवस थोडे आहेत हे कळतंय मला. पण घरी यायची भीती वाटते. आबांच्या उशाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तू जी गोष्ट सांगतेस ना, तिची भीती. आबा माझ्या कॉलेजात आलते, साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला, आणि अजिनाथनं सगळ्यांदेखत सांगितलं, हे माझे वडील. परवा तू म्हणालीस, आता आबांची वाचा गेलीय, तर आल्यावर तूच ती गोष्ट त्यांना सांग, ऐकताना त्यांच्या डोळ्यांना धार लागती. अक्का, ती गोष्ट घडलीच नाही. हे सांगायला मी फोनवर तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा तू मध्येच जेवलास का म्हणून विचारलंस. म्हणून लिहितोय. आपल्या गल्लीतला सत्यम इथं टेम्पो चालवतो, तो उद्या गावी निघालाय. त्याच्या हाती देतो.

तुला आई गेली त्या वर्षीचा उन्हाळा आठवतो का? ऊसतोडीहून परत आल्यावर बाकीची माणसं आठ दिवस अंग टाकून पडायची, आणि आबा दुसऱ्याच दिवशी कुदळ घेऊन रानात. हराळी काढायला. नांगरटीच्या ढेकळांत हात घालून दोरीसारखी पसरलेली एकेक काशी मुळासकट ओढायचे, आणि आपण दोघं टोपल्या घेऊन मागं. काशी तुटली की खाली बसून बोटांनी माती उकरायचे. "येक पेर जरी ऱ्हायलं ना, तर पुढच्या साली समदं रान खाती ही सटवी." तू एकदा म्हणालीस, आबा, राहू द्या की थोडी, शेरडं खातील, तर दिवसभर तुझ्याशी बोलले नाहीत. पार चौसाळ्यापर्यंत लोक म्हणायचे, बबनरावाच्या रानात हराळीची काडी घावायची न्हाई. दुसरं मिरवण्यासारखं आपल्या घरात काही नव्हतंच, एवढं एकच होतं.

आणि मी शिकायला गेलो ते काय, तर हीच हराळी लावायला. शेतीची पदविका झाल्यावर मी गोल्फच्या मैदानावर गवत कापायचं मशीन ढकलायला लागलो, ते तुला माहीत आहे. तिथल्या विजयसिंह साहेबांनी माझं काम बघून मला टर्फच्या वर्षभराच्या कोर्सला घातलं. टर्फ म्हणजे मैदानाचं गवत. माणसं त्यावर एक एवढासा चेंडू भोकात घालतात, आणि तो सरळ जावा म्हणून आम्ही गवत चार मिलिमीटरवर कापतो, तांदळाच्या दाण्याहून आखूड. त्यावर चाळलेली वाळू पसरायची, भोकं पाडून मुळांना हवा द्यायची, बुरशी आली का म्हणून रोज सकाळी ओणवं होऊन बघायचं. मला ते काम आवडायचं, अजून आवडतं. पाणी किती लागतं हे मात्र घरी कधी बोललो नाही. तू हंडे घेऊन टँकरमागं पळणार आणि मी तुला कुठल्या तोंडानं सांगू? आणि गवत कोणतं, तेही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी वर्गात सरांनी ट्रेमधून रोप आणलं, त्याचं हातभर लांब परदेशी नाव सांगितलं, पोरं वहीत लिहून घेताहेत आणि मी बघतोय तर आपली हराळी! जरा बारीक पानाची, पण हराळीच. मला हसूच फुटलं. त्याच संध्याकाळी आबांनी फोनवर विचारलं, कसलं गवत शिकतूस बाबा? मी म्हणालो, विलायती हाय आबा, तुमाला न्हाई कळायचं. पुढचं सगळं ह्या एका वाक्यानं झालं.

आमच्यातल्या प्रत्येकाला मैदानाच्या कडेला दहा बाय दहा फुटांचा तुकडा दिलेला, त्यावर नावाची पाटी. जूनमध्ये वाळूत काश्या लावल्या आणि चार महिने लेकरासारखं सांभाळलं. ऑक्टोबरात परीक्षा, साहेब लोक तुकडा बघून मार्क देणार. आणि आदल्या संध्याकाळी आबा न सांगता दारात हजर. धोतर, पटका, हातात धपाट्यांचं फडकं. तूच करून दिलेले धपाटे ते. मला बरं वाटलं गं, खरंच वाटलं, पण खोलीतल्या पोरांना मी सांगितलं, गावाकडचे पाहुणे आहेत. मग आबांना बाहेर नेऊन लांबूनच बोट दाखवलं, तो तिसरा माझा, उद्या साहेब बघायला येणारेत. दुपारच्या आत त्यांना गाडीत बसवून द्यायचं, हेही मी मनात ठरवून टाकलेलं. आबा बराच वेळ तुकड्याकडं बघत राहिले. मला वाटलं, कौतुक वाटत असेल.

सकाळी सातला उठलो तर त्यांचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं. तसाच पळत गेलो. काय सांगू अक्का तुला. आबा वाळूत उकिडवे बसलेले, माळ्याच्या खोलीतलं खुरपं हातात, आणि माझ्या तुकड्यात हिरवं पान नाही. सगळ्या काश्या उपटून, झटकून, कडेला वाळायला टाकलेल्या, शेंडे एका अंगाला, आपण बांधावर टाकायचो अगदी तशा. एकही तुटलेली नाही. मला बघून हसले. "तुझ्या वाट्याला समदी हराळीच आलती बघ. बाकीच्यांच्यात बी हाय, पोरं आळशी दिसत्यात हितली. तुझं तरी साफ केलं. साहेब काय म्हनले असते, बबनरावाचं पोरगं आन् रानात हराळी?" लई खूष होते. वाळूत काशी अख्खीच्या अख्खी निघते, ह्याचंसुद्धा त्यांना नवल वाटत होतं.

मी तोंड उघडायच्या आत विजयसिंह साहेब आणि दोन परीक्षक समोर आले. साहेबांनी विचारलं, हा कोण माणूस? पोरं तुकड्याकडं बघत होती, माझ्याकडं बघत होती. कालचे पाहुणे हे, असं त्यांतलं एकही बोललं नाही, ते माझ्यावर सोडलं त्यांनी. आणि मी म्हणालो, मी ह्याला ओळखत नाही सर, बाहेरच्या टोळीतला मजूर असेल. आबा उठले. धोतराची वाळू झटकली. माझ्याकडं बघितलं नाही, साहेबांना हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं साहेब, मला वाटलं हितंच काम हाय." वॉचमननं दंडाला धरून त्यांना फाटकापर्यंत नेलं. जाताना खुरपं त्यांनी कट्ट्यावर नीट ठेवलं, कुणाला लागू नये म्हणून पातं आत करून. मी मागं गेलो नाही. माझी परीक्षा होती ना!

मला पुढच्या बॅचबरोबर दुसरा तुकडा दिला आणि मी पास झालो, ते पेढे तुम्ही खाल्लेत. पण मधलं ऐक. आबांनी साफ केलेल्या त्या जागेत महिनाभर हराळीचा एक कोंब आला नाही. औषध मारून न मरणारं गवत हे! विजयसिंह साहेब येताजाता थांबून बघायचे. त्यांच्या मैदानात भलत्या जातीची हराळी घुसते, ती हातानंच काढावी लागते आणि आमच्या माणसांच्या हातून ती तुटते. साहेब म्हणाले, त्या माणसाला शोधा, मी त्याला मानानं कामावर ठेवतो. एकेका पोराला विचारलं. मलाही विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. पहिल्या वेळी घाबरलो होतो असं म्हणता येईल. ह्या वेळचं काय म्हणू?

आबांनी घरी येऊन तुम्हाला खुर्ची आणि चहा सांगितला. तू किती आनंदानं मला ते फोनवर सांगितलंस, आणि मी नुसता हो हो म्हणालो. त्या दिवाळीला आलो तेव्हा आबा मला रानात घेऊन गेले. विहिरीकडच्या कोपऱ्यात खाटेएवढी हराळी राखलेली, हिरवीगार, भोवती दगड लावून. तू कुरकुरायचीस ना, म्हातारा समदं रान खुरपतो आन् तेवढंच का ठेवतो, वर पाणी कशापायी घालतो. मला म्हणाले, "त्या वॉचमनला इचारलं मी. म्हनला, हीच लावत्यात हितं. तुझ्या पोटापान्याची हाय म्हनल्यावर कशी काढावी बाबा? ऱ्हाऊ दिली." एवढंच. फाटकावरचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरच्या दोन वर्षांतही नाही. मी तिथंच त्यांचे पाय धरायला पाहिजे होते. मी म्हणालो, ऊन झालंय आबा, चला घरी.

आता त्यांना बोलता येत नाही, आणि येईल त्याच्यापुढं तुझ्या तोंडून माझी थोरवी पडल्या पडल्या ऐकावी लागते. तू म्हणतेस, आनंदानं रडतात. नसतील गं. किंवा असतीलही, मी कधी विचारलंच नाही. म्हणून अक्का, हे पत्र घडी करून ठेवू नकोस. आबांच्या खाटेजवळ बस आणि पहिल्यापासून मोठ्यानं वाच. दार उघडं ठेव, कोणी आलेलं असलं तर असू दे. मी ह्याला ओळखत नाही असं जिथं लिहिलंय तिथं तुला थांबावंसं वाटेल, पण ते गाळू नकोस. माझ्यासाठी जे खोटं त्यांनी इतके दिवस सांभाळलं, ते त्यांना बरोबर न्यायला लावू नये. मी शनिवारी सकाळच्या गाडीनं निघतो आणि नेकनूरच्या स्टँडवर उतरून थांबतो. त्यांचा डावा हात अजून हलतो म्हणालीस. वाचून झाल्यावर विचार त्यांना, अजिनाथला घरी येऊ द्यायचं का. हात हलला तर फोन कर. नाही हलला तर करू नकोस, मी समजेन. शेवटची गाडी जाईपर्यंत मी तिथंच बसून राहीन, आणि कोणी विचारलं, कुनाचा रं तू, तर सांगेन, बबनरावांचा.

तुझाच,
अज्या