मोटरच्या बाजूनं रोल निघत नाही

अण्णा, तुमच्या मिलच्या जागी आता मॅरेज गार्डन झालंय. जिथे लालबुंद सळ्या सापासारख्या सळसळत जायच्या तिथे हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलंय, आणि तुमची पत्र्याची केबिन होती तिथे चाटचे स्टॉल लागतात. मागच्या लग्नसराईत मी तिथे जेवून आले. पनीर बरं होतं. पण पत्र लिहायला बसले ते पनीरवरून नाही. मागच्या मंगळवारी देवासच्या बाजूला एका दुसऱ्याच रोलिंग मिलमध्ये गेले होते, आणि तिथे सळ्या लाटणारा एक रोल बाहेर निघताना पाहिला. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत मी जगातल्या झाडून सगळ्यांवर लिहिलं, फक्त तुम्हाला एक ओळ लिहिली नाही.

मी मिलमध्ये कशाला जाईन, असं तुम्ही म्हणाल. त्यांचा सुरक्षा सप्ताह होता. दिवसभर कामगारांना हेल्मेट घाला, हेल्मेट घाला सांगून झालं की संध्याकाळी त्यांना कुणीतरी हसवावं लागतं, आणि या पंचक्रोशीत हसवण्याचं खातं माझ्याकडे आहे. तुम्ही होतात तेव्हा मी पेपरात आठवड्याला एक व्यंग्य लिहायचे, आता दोन लिहिते. एक नगर निगमवर आणि एक नवऱ्यावर. दोघांपैकी कुणीच सुधारलेलं नाही, त्यामुळे माझं बरं चाललंय. तर कार्यक्रमाला वेळ होता म्हणून त्यांनी मला मिल दाखवायला एक इंजिनिअर मुलगी सोबत दिली. आपल्याकडे बायका मिलमध्ये यायच्या त्या फक्त दसऱ्याला, मशीनला हळद-कुंकू वाहायला. ही पोरगी पिवळं हेल्मेट घालून चाळीस माणसांना हुकूम सोडत होती. मला म्हणाली, "मैम, आप लकी हैं, अभी रोल चेंज होगा. चाय पीते-पीते देख लीजिए."

आणि अण्णा, खरंच चहा संपायच्या आत झालं. मोटरच्या उलट बाजूला, रोल बसवतात त्या स्टँडची लोखंडी चौकट एवढी रुंद ठेवलेली की दोन्ही रोल आपल्या बेअरिंगच्या पेट्यांसकट त्यातून आरपार जावेत. खाली रूळ, रुळांवर गाडा. एका माणसानं बटण दाबलं आणि दोन्ही रोल एकावर एक बसलेले, कपाटातला खण ओढावा तसे शांतपणे बाहेर आले. वर साखळी नाही, खाली माणूस नाही, कुणी ओरडत नाही. मी कप खाली ठेवला. मग विचारलं, "ये आइडिया किसका है?" ती हसली. "किसी का नहीं मैम, ये तो स्टैंडर्ड है. दुनिया में बरसों से ऐसे ही निकालते हैं."

म्हणजे तुम्ही शोध वगैरे काही लावला नव्हता. वर बसून उगाच फुगू नका. जगात कुठेतरी आधीच लागलेला शोध तुम्ही फ्रीगंजातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, आईच्या स्वयंपाकघरात, आयटीआयच्या जोरावर पुन्हा लावलात. फरक एवढाच की जगाची बातमी तुमच्या सेठपर्यंत पोचली नव्हती. ती पोचवायला त्या गावात एकच माणूस निघाला होता, आणि त्याच्या घरात मी होते.

तुमच्या मिलमधला रोल बदलताना मी एकदाच पाहिला. रविवारी मिल बंद ठेवून हे काम करायचात तुम्ही, कारण आठवडाभरात रोलच्या खाचा झिजून सळ्या वेड्यावाकड्या निघायला लागत. त्या रविवारी तुमचा डबा विसरला म्हणून आईनं मला सायकलवर पिटाळलं. मी दारात उभी आहे. स्टँडचं वरचं झाकण काढून ठेवलंय, आणि आपल्या घरातल्या गोदरेजच्या कपाटापेक्षा जड असा तो रोल छताच्या चेनकुप्पीच्या, म्हणजे कप्पीच्या साखळीला टांगलेला, हळूहळू गोल फिरतोय. तुमचे मिस्त्री खाली उभे राहून पहारीनं त्याला वाट दाखवतायत. साखळी कुरकुरते. तुम्ही ओरडता, "मिस्त्री, पैर! पैर देखो अपना!" मिस्त्री हसून म्हणतात, "साहब, पैर तो साथ ही आएँगे." सगळे हसतात. तुम्ही हसत नाही. मी डबा ठेवला, तासभर तिथेच थांबले, तरी तुम्ही बसला नाहीत. संध्याकाळी घरी आलात तेव्हा डबा तसाच भरलेला होता, आणि आई म्हणाली, "अहो, हे काय? उपास होता का?"

मग काही दिवसांनी ती सिलिंडरची गोष्ट. आपल्याकडे ओट्याखालचा गॅसचा सिलिंडर बाहेर काढायचा म्हणजे तुम्ही आणि आई दोघं लागायचात. एक झुकवणार, एक ओढणार, आणि दोघंही एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करणार. देवास गेटच्या बाजारातून आईनं चाकांची एक चकती आणली, सिलिंडर तिच्यावर बसवला, आणि एका हातानं ओढून बाहेर काढून दाखवला. दुसऱ्या हातात तिच्या पोह्यांचा झारा होता. तुम्ही पाटावर बसला होतात. "परत कर," म्हणालात. तिनं आत ढकलून पुन्हा काढला. "अजून एकदा." "अहो, सर्कस आहे का ही? पोहे लागून राहिलेत खाली." तुम्ही पोहे न खाता उठलात आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर चौकट काढायला लागलात. वर उचलायचंच नाही, असं पुटपुटत होतात. वर उचलायचंच कशाला?

दुसऱ्या दिवसापासून आईची दोन्ही लाटणी गायब. "अहो, पोळ्या काय थापून करू?" "आठ दिवस भाकरी कर. फिकर नको करू, परत देतो." तुम्ही स्टँडचं मॉडेल करायला घेतलं होतंत: पेटीच्या फळ्यांची चौकट, जुन्या बांगडीपेटीचा गाडा, आणि कानशीनं घासून दोन्ही टोकं बारीक केलेली लाटणी हेच रोल. एका बाजूला मोटर म्हणून जाड फळकुट ठोकलेलं, दुसरी बाजू मोकळी. तुम्ही मला समोर बसवून समजावलं होतंत, "रोलचं एक टोक मोटरला जोडलेलं असतं, तिकडे भिंत समज. काढायचा तो मोकळ्या अंगानं. बघ, एका बोटानं येतो." आला. सेठनी ते बघायला गणपतीनंतरच्या सोमवारी वेळ दिली होती. तुम्ही त्या सोमवारसाठी बुशशर्टला इस्त्री करून ठेवलीत, दहा दिवस आधी.

आता माझी बाजू. बाजू कसली, तक्रार म्हणा. आपले पूर्वज इथल्या संस्थानाच्या दरबारात दफ्तर सांभाळायला आले, असं मराठी समाजाच्या हॉलमध्ये प्रत्येक जण छाती काढून सांगायचा. कुणाचे वडील बँकेत मॅनेजर, कुणाचे कॉलेजात प्राध्यापक, आणि पिढ्यान्‌पिढ्या बोटांना फक्त शाई लागलेल्या त्या लोकांत माझ्याच बापाच्या नखांत ग्रीस. कुणी तोंडावर बोलत नसे. नुसतं विचारत, "अजून तिथेच का? सळ्यांच्या कारखान्यात?" मी एकोणीस वर्षांची, जीभ आधीच कात्रीसारखी. लोक हसायच्या आत आपणच हसावं, म्हणजे निदान हसू आपल्या मालकीचं राहतं, असा हिशेब मी केला. त्या गणपतीत समाजाच्या कार्यक्रमासाठी मी नाटुकलं लिहिलं. एक फोरमन, जो घरात पोळ्याही मशीननं लाटायला निघतो. फोरमन मीच झाले. तुमचा जुना शर्ट, कोळशाची मिशी, आणि टेबलावर तुमचं मॉडेल. माळ्यावरून काढताना मी तुम्हाला विचारलं नाही.

हॉल भरलेला. पुढच्या रांगेत प्रमुख पाहुणे म्हणून तुमचे सेठ, स्मरणिकेत जाहिरात दिली होती ना त्यांनी. चार खुर्च्या सोडून तुम्ही. मी मिशीवर हात फिरवून म्हणते, "देखिए, सिर्फ एक उँगली!" आणि ओढते. रोल येत नाही. पुन्हा ओढते. मग पाय टेबलाला लावून ओढते. लाटणं अडकलेलं, मी धापा टाकतेय, हॉल डोक्यावर घेतलाय लोकांनी, प्राध्यापकांच्या डोळ्यांत पाणी, सेठ शेजारच्याच्या मांडीवर थापा मारतायत. तुम्हीही हसत होतात, अण्णा. मी पाहिलं. तो माझा पहिला मोठा हशा. त्यानंतर मी कधीच दुसरं काही काम केलं नाही.

घरी येताना तुम्ही मॉडेल कडेवर मूल घ्यावं तसं घेतलं होतंत. चौकातल्या घड्याळाच्या टॉवरपाशी पोचलो. मग म्हणालात, "तुझ्याकडून गाडा उलटा बसला होता. मोटरच्या बाजूनं रोल निघत नाही." एवढंच. रागावला नाहीत, आवाजही चढला नाही, चूक दुरुस्त केलीत. हे वाक्य मी पुढे कितीतरी मंचांवर सांगितलं. बापाची चव्हाट्यावर नक्कल केली आणि बाप म्हणतो, गाडा उलटा बसला होता! प्रत्येक वेळी टाळी. मुलाखतीतही सांगितलं. तुम्ही वाचलंत ते आणि कात्रण जपून ठेवलंत, ते मला तुमच्या ट्रंकेत सापडलं.

त्या सोमवारचं तुम्ही घरी काहीच सांगितलं नाहीत. संध्याकाळी लाटणी आईच्या हातात दिलीत, "झालं काम," म्हणालात, आणि आम्ही पोळ्या खाल्ल्या. पुढच्या वर्षी मी शिकायला इंदूरला होते तेव्हा आईचं पत्र आलं. साखळी सरकली, मिस्त्रींचा उजवा पाय घोट्यापासून गेला, अण्णा रोज दोन वेळा दवाखान्यात डबा घेऊन जातात आणि स्वतः जेवत नाहीत. मला वाईट वाटलं. लांबच्या माणसाचं वाटतं तेवढंच.

तुमच्या तेराव्याला मिस्त्री काठी टेकत आले. तुमच्या फोटोला हात जोडले, मग माझ्याजवळ बसून, जणू जुनी गंमत सांगावी तसं सांगायला लागले. "बिटिया, उस सोमवार को मैं साहब के साथ ही था. साहब ने वो लकड़ी वाली मशीन टेबल पे रखी कि सेठ हँस पड़े. बोले, अरे, ये तो वही बेलन वाली! इसमें तो रोल अटक जाता है, हमने खुद देखा है." मी विचारलं, "मग? अण्णा काय म्हणाले?" "कुछ नहीं. खींच के दिखाया. एक उँगली से निकल आया. दो बार दिखाया. पर सेठ तब तक मुनीम को आपका नाटक सुना रहे थे. हँसी में कौन देखता है, बिटिया." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मगर क्या जोरदार किया था आपने! हम लोग महीना भर हँसे." त्यांना टोमणा मारायचा नव्हता, अण्णा. टोमणे मी ओळखते, माझा धंदा आहे तो. त्यांना खरंच आवडलं होतं.

त्या मंगळवारी मंचावर जायच्या आधी मी ठरवलं होतं की आज सरळ सांगायचं. समोर अडीचशे कामगार, पहिल्या रांगेत ती हेल्मेटवाली मुलगी. मी सुरुवातही केली, "मेरे पिताजी रोलिंग मिल में फोरमैन थे." आणि लोकांचे चेहरे हसायला तयार झाले, अजून काही झालं नव्हतं तरी. मला तो चेहरा ठाऊक आहे. मी गाडी नगर निगमच्या खड्ड्यांकडे वळवली. छान झाला कार्यक्रम. शाल मिळाली.

आईच्या मागे ती दोन्ही लाटणी माझ्याकडे आली. टोकं बारीक घासलेली, त्यामुळे लाटताना हातातून निसटतात, सून कुरकुरते. काल त्यातलं एक हातात घेऊन बसले, आणि मग हे लिहायला घेतलं. हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुमचं कात्रण आहे त्याच ट्रंकेत ठेवीन, त्याच्या खाली.

एक राहिलं. नाटुकल्याच्या दिवशी दुपारी आई हळदीकुंकवाला गेली होती. मी मॉडेल ओट्यावर ठेवून तालीम केली. ओढलं, निघालं. तीनदा ओढलं, तीनदा एका बोटानं निघालं. आणि निघणाऱ्या गोष्टीला कुणी हसत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. तुम्ही टॉवरपाशी म्हणालात, तुझ्याकडून गाडा उलटा बसला होता. मी म्हटलं, हो अण्णा, चुकून.