दलसिंगच्या गाडीतली गाणी

४ एप्रिल. मोलगी, बाजाराचा दिवस. दुपारी १२.
आज पाड्यावरून बाजाराला दोन जीप निघाल्या. दलसिंगच्या जीपमध्ये सोळा माणसं आणि दोन कोंबड्या. माझ्या जीपमध्ये एकटे गोवालबाबा. तेही तिकडे जागा उरली नाही म्हणून.
माझी बायको कालीबाई दलसिंगच्या जीपमध्ये. आमचूरचं पोतंसुद्धा तिकडेच. घरची जीप असताना! विचारलं तर म्हणाली, तिकडे गाणी असतात.
म्हणजे कारण सापडलं. गाणी.
साबरीच्या वळणावर तो पुढे होता, तेव्हा ऐकली. काय क्वालिटी! बायका आतच बसून गातायत असं वाटतं. इंजिनामुळे शब्द कळले नाहीत, पण चाल आपल्याकडच्या लग्नातली. माझ्या टेपला निळी लाईट आहे, दोन स्पीकर आहेत. फक्त गाणी अकरा. चार वर्षं तीच.
निश्चय : पुढच्या बाजाराला माझी जीप आधी भरणार. मी जळत नाही. हा धंद्याचा विचार आहे.

५ एप्रिल. सकाळी ८.
दलसिंगकडे सरळ गाणी मागितली. मोठेपणा दाखवला, पेन ड्राइव्हसुद्धा मीच पुढे केला. तो हसला. म्हणाला, ती माझी नाहीत, बायकांची आहेत, दुसऱ्या गाडीत लागत नाहीत.
ओळखलं. प्रोटेक्टेड फाइल! एमएससीआयटी मी एकसष्ट टक्क्यांनी पास झालोय, तो नाही. तरी अशी फाइल त्याच्याकडे आली कशी? पोटात दुखलं थोडं. काल कोंबडी तिखट झाली होती.

५ एप्रिल. संध्याकाळी ५.
गाण्यांचं ॲप घेतलं, एक महिन्याचं. आमच्याकडे रेंज फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीवर येते. चार तास टाकीवर. २१२ गाणी डाउनलोड. मान भाजली.
दलसिंग खालून गेला. वर काय करतोस म्हणाला. मी म्हटलं, कळेल.

६ एप्रिल.
२१२ गाणी पेन ड्राइव्हवर टाकली. जीपला लावली. टेपवर NO FILE. पुन्हा लावली. NO FILE. पेन ड्राइव्ह फुंकला, शर्टाला पुसला. NO FILE.
मी डाउनलोड केली, माझ्या मोबाइलमध्ये आहेत, माझ्या टाकीवर बसून केली. तरी नाहीत?
कालीबाई कैऱ्या चिरत होती. म्हणाली, अकरा होती ती तरी वाजत होती.

८ एप्रिल. नंदुरबार.
मिरची मार्केटमागे तौहिदचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, तिथे गेलो. त्याने फाइल पाहिली आणि म्हणाला, भाऊ, ह्या गाना तुन्हा नहीत, भाडाना शेतस. मालकनी कुलूप लायेल शे. ॲपमां ऐक, फुकट डोकं नको लढावू.
मी म्हटलं, भाड्याची तर भाड्याची, कुलूप काढ आणि कन्व्हर्ट करून एमपीथ्री करून दे. तो म्हणाला, मी कुलूप तोडत नाही, दुकान चालवायचंय. एमपीथ्री विकत मिळतात, त्या घे.
हा माणूस मागे पडणार. सॉफ्टवेअर मी स्वतः निवडीन. त्याच्या दुकानातल्या मिरचीच्या धुळीने शिंका फार येतात, हेही लिहून ठेवतो.

९ एप्रिल. पहाटे ६, टाकीवर.
सरकारी योजनांच्या शिबिरात लोकांचे फॉर्म भरायला मी घेतलेला जुना लॅपटॉप वर नेला. कन्व्हर्टर सॉफ्टवेअर शोधली. एकूण चाळीस. प्रत्येक जण म्हणतो, मीच एक नंबर. एकाला पाच चांदण्या होत्या. तेच घेतलं. फ्री ट्रायल.
२१२ गाणी अकरा मिनिटांत कन्व्हर्ट! एवढा स्पीड तौहिदने जन्मात पाहिला नसेल. खाली बारीक इंग्रजीत काहीतरी होतं. महत्त्वाचं असतं तर मोठ्या अक्षरात लिहिलं असतं.

११ एप्रिल. बाजार. दुपारी २.
सकाळी स्टँडवर आवाज फुल्ल केला. सात माणसं बसली! दलसिंगकडे मुद्दाम पाहिलं. तो चाक तपासत होता.
पहिलं गाणं एक मिनिट वाजलं आणि थांबलं. दुसरं एक मिनिट. तिसरंही. घाटाच्या पायथ्यापर्यंत सत्तावीस गाणी झाली, एकही पूर्ण नाही. गोवालबाबा म्हणाले, करणसिंग, तुझी वरात निघते आणि दर वेळी वेशीवरून परत येते.
येताना सातही माणसं दलसिंगकडे. कालीबाई तर जातानाही तिकडेच होती. वळणावर पुन्हा तेच गाणं. या वेळी मध्ये हसण्याचाही आवाज. म्हणजे लाइव्ह रेकॉर्डिंग. असली फाइल आणतो कुठून हा?

१३ एप्रिल.
दुसरं सॉफ्टवेअर. हे गाणं पूर्ण देतं. फक्त दर अर्ध्या मिनिटाला एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगते. ट्रायल आहे, विकत घ्या, असं असावं. आवाज मधाळ.
मोलगीला फेरी मारली. आमच्या पाड्याच्या आशा सेविका फुलवंताबाई बसल्या होत्या. म्हणाल्या, ही कोण बया मधेमधे बोलते? मी म्हटलं, सॉफ्टवेअरची आहे. त्या उतरेपर्यंत माझ्याकडे संशयाने पाहत होत्या.
त्यांनी कालीबाईला सांगितलं असणार. सांगावं अशी इच्छा होती. थोडं तिलाही जळू दे.
रात्री जेवताना कालीबाईने विचारलं, तुझ्या गाडीत परदेशी बाई असते म्हणे. भाकरी मोडत म्हणाली, तिचं तरी ऐकत असशील ना, नुसता बोलत नसशील ना?
जळली नाही.

१६ एप्रिल. दुपारी १.
तिसरं सॉफ्टवेअर. हे कुलपाच्या भानगडीत पडत नाही. मोबाइलवर गाणं लावायचं, लॅपटॉप माइकने रेकॉर्ड करतो. सहा मिनिटांच्या गाण्याला सहा मिनिटं. सकाळपासून अंगणात बसलोय. चाळीस गाणी झाली, लाइट दोनदा गेली. अंगणातल्या सगळ्यांना ताकीद दिली : बोलायचं नाही. कोंबड्याने ऐकलं नाही.
कालीबाई शेजारी आमचूर वाळत घालत होती. ती बोलली नाही. गुणगुणत होती, पण एवढ्याने काय होतं.

१८ एप्रिल. बाजार. सकाळी १०.
तोंडघशी पडलो. सविस्तर लिहितो, कारण यात शिकण्यासारखं आहे.
पाच माणसं. दलसिंगची गाडी फुल्ल होऊन उरलेली. गाणी लागली. कोंबडा आरवला, लोक हसले. माझा खोकला आला, हसले. सातव्या गाण्यात मागे कालीबाईचं गुणगुणणं स्पष्ट आलं. मूळ गाण्यापेक्षा स्पष्ट. जीपमधल्या दोन्ही बायका एकदम तोंडावर पदर घेऊन बसल्या. फुलवंताबाई म्हणाल्या, अरे, हे तर दलसिंगच्या गाडीतलं गाणं!
मोलगीला पोचल्यावर दलसिंग चहाला गेलेला पाहून त्याच्या जीपमध्ये डोकावलो. टेपच्या जागी भोक. भोकात कंगवा आणि विड्यांचं बंडल. स्पीकर नाही. वायर नाही.
बायकाच गातात. आत बसून.
आणि सुरुवात कोण करतं, ते आता मला विचारायची गरज नाही.

१९ एप्रिल.
कालीबाईला विचारलं, माझ्या गाडीत का नाही गात? ती म्हणाली, तुझा टेप ओरडतो. टेप बंद असला की तू ओरडतोस. गाणं ठेवायचं कुठे?
लग्न होऊन अकरा वर्षं झाली. ती एवढं छान गाते हे दलसिंगला माहीत, त्याच्या कंगव्याला माहीत. मला नाही.
जळतो मी. लिहून टाकलं. कोण वाचणार आहे.
आजपासून टेप कायमचा बंद. बोलणंही बंद, निदान वळणांवर.

२२ एप्रिल.
कालीबाईला दवाखान्याच्या कामाला अक्कलकुव्याला जायचं होतं. पुढच्या सीटवर बसवलं. मागे सहा बायका. टेप बंद. मी ओठ दातांखाली धरले.
देवगोई घाटात दुसऱ्या वळणावर तिने सुरुवात केली. एकच ओळ. मागच्या बायका उचलणार, तेवढ्यात मी तिला सांगितलं, हे थेट एमपीथ्रीत घ्यायला पाहिजे, ३२० केबीपीएसमध्ये, आणि केबीपीएस म्हणजे काय ते—
अक्कलकुवा येईपर्यंत कुणी गायलं नाही. मी केबीपीएस समजावून संपवलं.

२५ एप्रिल. बाजार. संध्याकाळी ६.
जीप घरी ठेवली. दलसिंगच्या गाडीने गेलो, मागे लटकून. निव्वळ तांत्रिक पाहणीसाठी. कालीबाईला दिसू नये म्हणून टोपी खाली ओढली. तिने पाहिलं. बायकांकडे पाहिलं. आणि सुरू केलं.
या वेळी शब्द कळले. गाणं एका ड्रायव्हरवर आहे. तो मिशीला कंगवा करतो आणि रिकाम्या गाडीचा हॉर्न वाजवतो. टाकीवर बसून मान भाजतो. त्याच्या टेपच्या डब्यातलं गाणं एक घास खाऊन झोपतं. त्याच्या डब्यात परदेशी सवत राहते. लग्नातल्यासारखं, एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. गोवालबाबासुद्धा झेलत होते. बाबा म्हणाले, होळीला चार कडवी होती, आता छत्तीस झाली. केबीपीएसचं परवाच आलं.
दलसिंगला सगळी पाठ आहेत. तो गात नव्हता. फक्त गाडी हळू चालवत होता.
इतकी कडवी माझ्यावर. कालीबाईने केलेली. आणि ती महिनाभर दुसऱ्याच्या गाडीत. राग आला पाहिजे होता. मी मधल्या एका ओळीला चुकून साथ दिली आणि सगळ्या थांबल्या.
मोलगीला उतरल्यावर दलसिंगने मला बाजूला घेतलं. प्रेमाने म्हणाला, करणसिंग, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तू असलास की बायका जरा अडखळतात, त्यापेक्षा तू आपला तुझ्याच गाडीने येत जा.
माझी गाडी घरी आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही. परत चालत निघालो. अर्ध्या रस्त्यात त्याची जीप मागून आली आणि पुढे गेली. कालीबाईने खिडकीतून आमचूरचं रिकामं पोतं हलवलं. जीप वळणापलीकडे गेली तरी ऐकू येत होतं.
चालत जाणाऱ्या ड्रायव्हरचं कडवं तयारही झालं होतं.