धाकट्याचा घेवडा

१२ जून
मक्यात तणनाशक मारलं. डब्यावर दिलेल्या मात्रेच्या दुप्पट. दुकानदार नको म्हणाला. दुकानात बसून शेतीतलं काय कळतं? हिने डब्यावरचं वाचून दाखवलं : दीड वर्ष या जमिनीत शेंगांचं पीक घेऊ नका. म्हटलं, कंपन्या घाबरट असतात. तिला पटलं. निदान ती गप्प बसली.

२० ऑक्टोबर
मका निघाला. रानात गवताची काडी नाही. शेजारी बांधावर उभा राहून बघत होता. जळाला असणार.

४ नोव्हेंबर
धाकट्याचा कारखाना बंद पडला. बायको आणि तान्ही मुलगी घेऊन आला. म्हणाला, दादा, आता शेतीच करतो. मक्याचा तुकडा त्याला दिला. घेवडा लाव म्हटलं. असा भाऊ मिळायला नशीब लागतं. (तो असं म्हणाला नाही. म्हणेल.)

१९ नोव्हेंबर, सकाळ
घेवडा झकास उगवला. नवराबायको उकिडवे बसून एकेक रोप बघतात. त्याने विचारलं, आधी इथे काय मारलं होतंस? म्हटलं, नेहमीचंच. हिने माझ्याकडे पाहिलं. हिला पाहायची सवयच आहे.

३० नोव्हेंबर
पानांच्या कडा पिवळ्या. खालची पानं आधी. पाणी जास्त झालं, असं निदान केलं. धाकट्याने पाणी तोडलं.

४ डिसेंबर
कडा करपल्या. पाणी कमी पडलं, असं निदान केलं. बादल्या वाहून त्याच्या हातांना फोड आले. उद्यापासून त्याला रोज एक तास मार्गदर्शन.

५ डिसेंबर
मार्गदर्शन झालं नाही. माझी कंबर धरली.

११ डिसेंबर
एक रोप राहिलं नाही. चौकात चार लोकांना सांगावं लागलं की शेती रक्तात असावी लागते. एकजण म्हणाला, तुमचं रक्त एकच ना? आगाऊ माणूस.

१४ डिसेंबर
कृषी खात्याच्या बाई आल्या. एका कुंडीत त्या तुकड्यातली माती भरली, दुसरीत परसातली. दोन्हींत घेवडा पेरला. तीन आठवडे थांबा म्हणाल्या. पोरखेळ.

२ जानेवारी
धाकटा थांबला नाही. गोदामात हमालीचं काम मिळालंय. निघताना म्हणाला, "दादा, माझ्या हाताला यश नाही. तुझा तुकडा वाया घालवला. माफ कर."
मोठ्या मनाने माफ केलं.

८ जानेवारी
परसातल्या कुंडीत रोपं वीतभर, हिरवीगार. दुसरीत काड्या. बाई म्हणाल्या, औषध अजून जमिनीत आहे, लावणाऱ्याचा काही दोष नाही. धाकट्याला फोन करून सगळं सांगायचं. पक्कं.

१० जानेवारी
फोन केला. ओघात राहून गेलं. वजन जपून उचल, असं मात्र बजावलं.

१५ जानेवारी
हिने परस्पर फोन करून त्याला सांगितलं. काय म्हणाला, विचारलं. म्हणाली, त्याला माहीत होतं. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याला शंका बोलून दाखवली होती. मग तो बोलला का नाही? तर तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होता. शेवटी निघताना माफी मागून पाहिली, निदान तेव्हा तरी तुम्हाला राहवणार नाही म्हणून.
आणि मी माफ करून बसलो.